कॉम्प्युटरच्या पोटातलं टपाल

नामितोंडो शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात ईमेल सुरू झालं, तेव्हा प्राचार्य डॉ. लॅक्सन नामालोम्बा यांनी एकच प्रश्न विचारला होता. माझ्याआधी ते कोण वाचणार?

कोणी नाही, असं वायसन काचिंग्वेने सांगितलं. वायसन हा कॉलेजचा कॉम्प्युटर अधिकारी. त्याच्या हाताखाली कोणी नव्हतं, त्यामुळे अधिकारी हा शब्द त्याच्या बाबतीत फक्त दारावरच्या पाटीपुरता होता. पण माणूस प्रामाणिक. त्याने खडू घेऊन फळ्यावर दोन चौकोन काढले आणि ईमेल मिळवण्याच्या दोन रीती प्राचार्यांना तासभर समजावून सांगितल्या. एका रीतीचं नाव पॉप. तिच्यात आपला कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी सर्व्हरकडे जातो, आलेलं सगळं टपाल थैलीत भरून आपल्या पोटात आणतो आणि सर्व्हरवर मागे काही ठेवत नाही. दुसरीचं नाव आयमॅप. तिच्यात टपाल सर्व्हरवरच राहतं. आपण ऑफिसातून बघा, घरून बघा, फोनवरून बघा, तेच दिसतं, आणि एका ठिकाणी पुसलं की सगळीकडून पुसलं जातं. आजकाल जग दुसरी रीत वापरतं, असंही तो म्हणाला.

प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अर्ध्या मिनिटात पहिली रीत निवडली. "जगाला लपवण्यासारखं काही नसेल," ते म्हणाले.

पॉपमध्येही एक छोटा चौकोन असतो, 'प्रत सर्व्हरवर ठेवा' असा. त्यावर खूण केली तर टपाल दोन्हीकडे राहतं. प्राचार्यांनी ती खूण काढायला लावली. वायसनने काढली. त्या वेळी त्याच्या मनात काही आलं होतं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. मग पासवर्ड टाकायची वेळ आली, तेव्हा प्राचार्यांनी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. वायसन भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिला. मागे चार-पाच वेळा चुकीच्या पासवर्डचा टुंग आवाज झाला, मग शांतता पसरली, आणि नामितोंडो आधुनिक झालं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. टपालाची रीत अशी बसली होती: प्राचार्य दहा वाजता खोली उघडत आणि आलेल्यातलं जे मनाला येईल ते छापायला सांगत. माई गुमुलिरा, म्हणजे आवक-जावक विभागाच्या प्रमुख, ते छापत, त्यावर 'मिळाले' असा शिक्का मारत, आवक नोंदवहीत क्रमांक, तारीख, कुणाकडून, कशाबद्दल ते लिहीत, फाइलला टाचत. फाइल वर जाई, प्राचार्य हिरव्या शाईने 'पाहिले' लिहीत, फाइल खाली येई. शेजारच्या खोलीतल्या उपप्राचार्यांना आलेलं एक ईमेल अशा प्रकारे अकरा दिवसांत पोचलं होतं. ते कॉलेजमधलं सर्वांत जलद ईमेल मानलं जाई. जे प्राचार्यांच्या मनाला येत नसे, ते कॉम्प्युटरच्या पोटात तसंच पडून राही.

वायसनला यात काही खटकत नव्हतं असं नाही. पण खटकणं हा त्याच्या कामाचा भाग नव्हता, आणि तो मनातल्या मनात त्या सगळ्याला हसून घेई. विशेषतः माईंच्या नोंदवहीला. ईमेल छापून त्याला शिक्का मारणारी बाई, असं तो कॅन्टीनमध्ये मंदासीचे तळलेले गोळे खाताना इतरांना सांगे, आणि तेलकट बोटांनी हवेत शिक्का मारून दाखवी.

मग त्याने शिष्यवृत्तीचा अर्ज केला. प्रिटोरियातल्या एका संस्थेचा नेटवर्कचा अभ्यासक्रम, वर्षभराचा, जाण्यायेण्यासकट. निवडपत्र फक्त अर्जदाराच्या कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर येईल आणि संस्थाप्रमुखांची संमती त्याच पत्त्यावरून गेली पाहिजे, अशी अट होती. वायसनने ती अट वाचली, कॉलेजचा एकमेव अधिकृत ईमेल पत्ता लिहिला आणि मग त्याला हळूहळू कळलं की तो पत्ता त्याने स्वतः कुठल्या पोटात नेऊन सोडला आहे.

दोन महिने तो रोज माईंकडे जाऊन विचारत होता. काही आलं का? माई नोंदवहीवरून बोट फिरवत आणि मान हलवत. बुधवारी त्याने न राहवून प्रिटोरियाला फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं, पत्र बारा दिवसांपूर्वीच गेलं आहे. संमती उद्या, गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत आली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. वायसनने पत्र पुन्हा पाठवायची विनंती केली. बाई चांगली होती. तिने बोलता बोलता पाठवून दिलं. आता कॉम्प्युटरच्या पोटात त्याची दोन पत्रं झाली.

आणि खोलीला कुलूप होतं. प्राचार्य सोमवारपासून मंगोचीला, तळ्याकाठच्या हॉटेलात, आठवडाभराच्या कार्यशाळेला गेले होते. विषय होता कागदविरहित प्रशासन. कॉम्प्युटर मात्र ते चालू ठेवून गेले होते, कारण बंद केला तर टपाल परत जातं असा त्यांचा समज होता. झोंबात, म्हणजे कॉलेजच्या गावात, वीज जाते ती दिवसातून दोनदा, आणि सगळे तिला शिव्या देतात. त्या आठवड्यातही ती गेली, पण प्राचार्यांच्या खोलीला छपरावरच्या सौरबॅटरीची जोड होती. ती बसवण्याची शिफारस वायसननेच लेखी केली होती. बंद दारापाशी उभं राहिलं की आतल्या पंख्याची घरघर ऐकू येई. कोणी पोटभर जेवून झोपावं, तशी.

बुधवारीच दुपारी त्याने धीर करून प्राचार्यांना फोन केला. हॉटेलात जेवण चालू असावं. प्राचार्यांनी चांबो माशाचे काटे काढता काढता त्याचं सगळं ऐकून घेतलं. सोमवारी आल्यावर बघू, ते म्हणाले, आपल्या क्रमाने सगळं बघितलं जाईल. "पत्र कुठे पळून जातंय का?"

गुरुवारी सकाळी साडेसातला फोन उलटा आला. प्राचार्यांचा आवाज दबलेला होता, पण राग दबलेला नव्हता. कार्यशाळेत सगळ्या प्राचार्यांनी आपापले फोन टेबलावर ठेवायचे होते, आणि ईमेल आलं की फोन वाजायचा होता. इतर सगळ्यांचे वाजत होते. देड्झा कॉलेजच्या प्राचार्यांचा तर सारखा वाजत होता. डॉ. नामालोम्बांचा फोन, जो सगळ्यांत नवा आणि सगळ्यांत मोठा होता, गेले तीन दिवस मुका होता.

"लोक बघतात माझ्याकडे, काचिंग्वे."

वायसनने शांतपणे सांगितलं, की टपाल फोनवर येणार नाही, कारण खोलीतला कॉम्प्युटर ते आधीच गिळून टाकतो. यावर उपाय एकच, दुसरी रीत. आयमॅप. त्यासाठी खोली उघडावी लागेल. तिकडे मागे कुणाचा तरी फोन वाजला. मग प्राचार्यांनी माईंना सांगून खोली उघडायला परवानगी दिली.

किल्ली माईंच्या तिजोरीत लाखबंद पाकिटात होती. पाकिटावर लिहिलं होतं, 'फक्त आग लागल्यास'. माईंनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि किल्ल्यांच्या नोंदवहीत आज कारण काय लिहायचं ते विचारलं. प्राचार्यांचा हुकूम आहे, वायसन म्हणाला. हुकमाचा रकाना नाही, माई म्हणाल्या. शेवटी त्यांनी लिहिलं: कारण, आग, दूरध्वनीवरून. आणि लाख फोडली.

वायसन कॉम्प्युटरसमोर बसला. प्राचार्यांच्या खुर्चीत नव्हे, बाजूचं स्टूल ओढून. पडद्यावर टपालाचा ढीग होता, एक हजार एकशे बारा पत्रं, त्यातली नऊशेच्या वर न उघडलेली. दोन प्राध्यापकांच्या मुलाखतीच्या तारखा, उलटून गेलेल्या. विहिरीच्या पंपवाल्याची पाच पत्रं, पाचवं जरा चिडलेलं. विद्यार्थ्यांच्या परीक्षेचं बदललेलं वेळापत्रक. आणि त्यांच्यात वायसन काचिंग्वे यांचं अभिनंदन, दोन प्रती. त्याने दोन्ही पत्रं उघडली, दोन्हींत तेच होतं, तरी दोन्ही पूर्ण वाचली.

"थांब," माई म्हणाल्या. "आलेलं पत्र आहे ना? मग आवक क्रमांक पडू दे."

"माई, पाच वाजेपर्यंतची मुदत आहे हो."

"म्हणूनच म्हणते. क्रमांक नाही तोवर पत्र आलेलंच नाही. मग मुदत कसली?"

छापायला प्रिंटरमध्ये शाई नव्हती. शाईच्या मागणीवर प्राचार्यांची सही लागते. तेव्हा माईंनी नोंदवही आणली, चष्मा पुसला आणि पडद्यावर बघून एक एक अक्षर उतरवायला घेतलं. पाठवणाऱ्याचा पत्ता, संदर्भ क्रमांक, मजकूर, संमती कशी हवी, कुणाच्या नावे. वीस मिनिटं गेली. वायसन स्टुलावर पाय हलवत बसला. हे कॅन्टीनमध्ये कसं सांगायचं, तेही त्याने मनात जुळवून ठेवलं.

मग पासवर्डचा प्रश्न आला. फोनवर आयमॅप लावायचं तर पासवर्ड हवा, आणि प्राचार्यांना तो आठवत नव्हता हे त्यांनी फोनवर विषय बदलला त्यावरून कळलं. पण कॉम्प्युटरला आठवत होता. टपालाचे असले प्रोग्रॅम पासवर्ड साठवून ठेवतात आणि दोन बटणं दाबली की दाखवतात, ही गोष्ट वायसनला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. त्याने दोन बटणं दाबली. पडद्यावर अक्षरं आली. 'नामितोंडो', इंग्रजी अक्षरांत. कॉलेजच्या गेटवर दोन फूट उंच अक्षरांत जे लिहिलं आहे, तेच. तीन वर्षं तो रोज त्याच्याखालून सायकल घेऊन आत येत होता. एकदाही त्याने तो टाकून बघितला नव्हता. बघावा असं वाटलंही नव्हतं.

आता साहेबांचा पासवर्ड साहेबांनाच कसा सांगायचा? त्याने पुन्हा फोन लावला. "सर, गेटमधून आत येताना काय दिसतं?"

"वॉचमन."

"त्याच्या वर, सर."

"हं," प्राचार्य म्हणाले. "मी तुझी परीक्षा घेत होतो."

वायसन सांगत गेला, प्राचार्य बटणं दाबत गेले, आणि खोलीतल्या कॉम्प्युटरवर व साहेबांच्या फोनवर आयमॅप लागलं. तीच संधी साधून वायसनने पुन्हा शिष्यवृत्तीचा विषय काढला. पत्र समोरच आहे, सर, तीन ओळींची संमती हवी, तुम्ही हो म्हणा, मी पाठवतो. प्राचार्यांनी त्याला मध्येच तोडलं. माझ्या नावाचं पत्र तू पाठवणार? ते पत्र माझ्या फोनवर येऊ दे, मी इथूनच उत्तर देतो. सगळ्यांसमोर. "सगळं टपाल फोनवर पाठव. जुनंसुद्धा."

गोम अशी होती की जुनं टपाल आता सर्व्हरवर नव्हतं, ते कॉम्प्युटरच्या पोटात होतं. फोनवर दिसायला ते आधी सर्व्हरवर चढवायला हवं होतं. वायसनने सगळी पत्रं निवडली. प्रोग्रॅमने विचारलं: प्रती चढवू, की पत्रंच हलवू? प्राचार्यांना एक गोष्ट दोनदा दिसलेली आवडत नाही, हे वायसनला ठाऊक होतं. त्याने 'हलवा' दाबलं; आता पोटात मागे काही उरणार नव्हतं. त्या दिवशी त्याने केलेली ही एकच चूक, आणि तीही साहेबांची आवड ओळखून केलेली.

साडेआठला सुरू झालेलं काम साडेबाराला संपलं. वायसन समाधानाने हात चोळत बसला. आता मंगोचीत फोन वाजेल, डॉक्टर पत्र उघडतील, तीन ओळी लिहितील. तो प्रिटोरियात कुठला स्वेटर लागेल याचा विचार करत होता.

मंगोचीत फोन वाजला. तो एकदा वाजला असता तर चाललं असतं. पण एक हजार एकशे बारा पत्रं आली होती, आणि त्या मोठ्या नव्या फोनला प्रत्येकाची खबर द्यायची होती. हे कसं घडलं ते नंतर देड्झाच्या प्राचार्यांनी सगळीकडे सांगितलं. शिक्षण खात्याचे उपसचिव त्या वेळी भाषण करत होते, आणि टेबलावर डॉक्टरांचा फोन थुईथुई नाचत कडेकडेला चालला होता. उपसचिव थांबले. चष्म्यावरून बघितलं. डॉक्टरांनी फोन घेतला, 'सगळी निवडा' दाबलं, मग 'पुसा' दाबलं. माणूस काटेकोर. त्यांनी नंतर कचऱ्याची पेटीही रिकामी केली आणि फोन बंद करून खिशात टाकला.

इकडे झोंबात वायसनच्या डोळ्यांसमोर यादी हलली. वरची ओळ गेली. मग खालची. मग पानंच्या पानं जाऊ लागली. मुलाखती गेल्या, पंपवाला गेला, परीक्षा गेली. त्याचं अभिनंदन गेलं, मग पुन्हा एकदा गेलं. शेवटी पडदा पांढरा झाला आणि त्यावर एक ओळ उरली: येथे एकही पत्र नाही.

एका ठिकाणी पुसलं की सगळीकडून पुसलं जातं. हे वाक्य त्याने स्वतः फळ्यावर लिहिलं होतं, खाली रेघ मारून.

डॉक्टरांचा फोन बंद होता. दीड वाजला, दोन वाजले. प्रिटोरियाची ती चांगली बाई गुरुवारी दुपारची नसते, असं दुसऱ्या बाईने सांगितलं, आणि ही बाई तेवढी चांगली नव्हती. संदर्भ क्रमांक सांगा, म्हणाली. वायसनला तो आठवेना. तो व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसला. आपण हे पत्र सकाळी पावणेआठला पाहिलं होतं. तेव्हा हात कीबोर्डवर होते. परवानगी कशाला मागितली? या प्रश्नाचं उत्तर त्याला ठाऊक होतं आणि ते फार काही शोभेचं नव्हतं.

माई जेवणाचा डबा धुऊन येत होत्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, आत गेल्या आणि नोंदवही घेऊन बाहेर आल्या.

"आवक चारशे सात," त्या म्हणाल्या. "संदर्भ क्रमांक, पत्ता, सगळं आहे. ऊठ. जावक क्रमांक काढते."

"पण माई, डॉक्टरांची परवानगी..."

"गेली बावीस वर्षं या कॉलेजची पत्रं कोण लिहितंय असं तुला वाटतं रे? ते सही करतात. तीही मी बोट ठेवीन तिथे."

वायसनला जाणाऱ्या टपालाबद्दल एक गोष्ट ठाऊक होती, ती त्याने तीन वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. येणाऱ्या टपालावर कुलूप, पासवर्ड, भिंत, लाख. पण जाणाऱ्या टपालाची वाट वेगळी असते, तिचं नाव एसएमटीपी, आणि कॉलेजच्या जुन्या सर्व्हरवर तिला काहीच विचारायला सांगितलेलं नव्हतं. कॉलेजच्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून, कुणीही, कुणाच्याही नावाने पत्र पाठवलं तरी ते निमूट जाई. प्राचार्यांनी त्याबद्दल कधी विचारलंच नव्हतं. आपल्याआधी कोण वाचतो याचीच त्यांना काळजी होती. आपल्या नावाने कोण लिहितो, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नव्हता.

माई तोंडाने सांगत गेल्या, वायसन टंकत गेला. 'आमच्या महाविद्यालयाचे निष्ठावान व कर्तव्यदक्ष कॉम्प्युटर अधिकारी श्री. काचिंग्वे यांच्या निवडीस संमती देताना मला विशेष आनंद होत आहे.' निष्ठावान हा शब्द काढावा का, असं वायसनने विचारलं. राहू दे, माई म्हणाल्या, तोच एक खरा आहे. चार वाजून दहा मिनिटांनी पत्र गेलं. जावक दोनशे एकोणनव्वद. माईंनी नोंदवहीत शिक्का मारला, आणि तो आवाज वायसनला प्रथमच बरा वाटला.

मग त्याला एक गोष्ट आठवली. आता आयमॅप होतं. पाठवलेल्या पत्राची प्रतही सर्व्हरवर राहते, आणि ती फोनवर दिसते.

सोमवारी दहा वाजता बोलावणं आलं. प्राचार्य खुर्चीत होते, फोन टेबलावर पालथा. त्यांनी वायसनला उभंच ठेवलं आणि काही वेळ खिडकीबाहेर बघितलं.

"मी लिहिलेलं पत्र वाचलं," ते शेवटी म्हणाले.

वायसनने पालथ्या फोनकडे बघितलं.

"चांगलं लिहिलंय मी. प्रिटोरियाहून उत्तर आलंय. इतकी आपुलकी दाखवणारे संस्थाप्रमुख विरळा, असं म्हणतात. मी देड्झावाल्यांना वाचून दाखवलं." त्यांनी फोन सुलटा केला, पुन्हा पालथा केला. "कागदविरहित प्रशासनाचं उदाहरण म्हणून ते आता अहवालात येणार आहे. तू जा. वर्षभर शिकून ये."

वायसनने आभार मानले. तो मागे वळणार, तोच प्राचार्यांनी बोट उचललं.

"जाण्याआधी हे आधीसारखं करून जा. ती पहिली रीत. माझ्या नावाने काय काय जातं, ते मला इथे दिसायला लागलंय. हे काही बरं नाही."

त्या एक हजार एकशे बारा पत्रांबद्दल कुणी काही बोललं नाही. ना प्राध्यापक, ना विद्यार्थी. ती आली होती हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पंपवाला तेवढा एकदा स्वतः येऊन गेला. त्याला वॉचमनने ईमेल करायला सांगितलं.

वायसनने स्टूल ओढलं. आयमॅप काढलं, पॉप लावलं. 'प्रत सर्व्हरवर ठेवा' हा छोटा चौकोन समोर आला. खूण राहू दिली असती तर कुणाला कळलंही नसतं. प्रिटोरियाचं विमान बावीस तारखेला होतं. त्याने खूण काढली.

"आता नवा पासवर्ड, सर," तो म्हणाला, आणि प्राचार्यांनी काही सांगायच्या आतच उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कॅलेंडर या वर्षीचं होतं.